टिक... टिक... टिक...

नमस्कार, श्रोतेहो.

कॉलेजात असताना, म्हणजे 1984 च्या सुमारास, मला हॅम रेडिओचं वेड लागलं. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. घरच्या संचावरून एकमेकांशी बोलायचं. गाणी लावायची नाहीत, धंदा करायचा नाही, नुसतं बोलायचं. राजीव गांधीसुद्धा हॅम होते. त्यांची कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, व्हीयू टू आरजी. पुढे नोकरी, बदल्या, मुलींची लग्नं, आणि संच माळ्यावर गेला. निवृत्त होऊन चोपड्याला आलो, दिवाळीची आवराआवर निघाली, तेव्हा तो खाली आला. निम्मा झुरळांनी संपवला होता. टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत संदेश पाठवायची पितळी की तेवढी शाबूत.

परत सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगतो. आधी परवाना, मग बोलणं. माझ्या परवान्याची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून नवा संच आणला, गच्चीवर 10 मीटर इकडे, 10 मीटर तिकडे अशी तार ताणली, पण माइकला हात लावला नाही. नुसतं ऐकत बसलो. पुन्हा सांगतो, आधी परवाना.

आणि या ऐकण्यातच गंमत झाली.

रात्री साडेआठला 40 मीटरचा बँड, म्हणजे साधारण 40 मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा, लावला की मागून आवाज यायचा. टिक... टिक... टिक. सेकंदाला एक. मोर्समध्ये एक टिंब म्हणजे ई. मला वाटलं, कोणी नवशिका ई-ई-ई पाठवतोय. सलग तीन रात्री मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. पुढचं अक्षर काही येईना. उत्तर द्यायला हात शिवशिवत होते, पण परवाना नव्हता ना! चौथ्या रात्री सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, माणूस असता तर एव्हाना झोपला असता."

मग स्वयंपाकघरातला जुना ट्रान्झिस्टर उचलला. त्याच्या आत लहरी पकडणारी फेराइटची कांडी असते. ट्रान्झिस्टर हातात फिरवत जायचं; आवाज जिथे सगळ्यात बारीक होतो, तिथे कांडीचं टोक आवाजाच्या रोखाने असतं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला असा गोल गोल फिरत गावाबाहेर निघालो. लोक बघत होते. एका केळीच्या बागेच्या बांधावर टिक इतकी मोठी झाली की ट्रान्झिस्टर कानाजवळ धरवेना. बागेतला पोरगा धावत आला. "काय व्हयनं, काका?"

त्याला म्हटलं, हे ऐक. त्याने ऐकलं, हसला आणि खोपीकडे बोट केलं. झटका मशीन! रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सेकंदाला एक झटका सोडतं ते. वाकून पाहिलं, तर केळीचं एक ओलं पान तारेला टेकायला आलेलं आणि प्रत्येक झटक्याला तिथे निळी ठिणगी. हीच ती ठिणगी, गेले चार दिवस मला ई पाठवणारी. पोराने मशीन बंद केलं, विळ्याने पान छाटलं, परत चालू केलं. ट्रान्झिस्टर गप्प.

त्याच्या आईने मग जेवूनच जा म्हणून बसवलं. कळण्याची भाकरी आणि पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणूच नये, हे माझं मत आहे आणि ते मी या माइकवरूनही बदलणार नाही.

असो. वेळ थोडा उरलाय. दिवसा 40 मीटरवर आसपासची, चार-पाचशे किलोमीटरवरची माणसं ऐकू येतात. सूर्य मावळला की वातावरणातला दिवसा लहरी खाणारा थर विरतो आणि त्याच तारेवर परदेश येतो. मोर्सची भीती बाळगू नका. रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या पायरीच्या परवान्याला मोर्स लागत नाही; वरच्या जनरलला मिनिटाला 8 शब्द. आणि तिसऱ्यांदा सांगतो, आधी परवाना. माझा आला, सात महिन्यांनी.

तो पोरगा आता माझा दोस्त आहे. पान टेकलं की कुंपणाचा झटका मंदावतो, डुकरं आत शिरतात. त्याला ते सकाळी कळतं, मला रात्रीच. काल पावणेनऊला फोन केला, "टिक आली रे." तो बॅटरी घेऊन निघाला. दहा मिनिटांत बँड साफ.

नमस्कार.