यंत्राच्या नफ्यातला वाटा

मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवरून ओकलंडकडे येताना बंदरातल्या त्या उंच पांढऱ्या क्रेन आपण रोज पाहतो. त्या नव्हत्या तेव्हा पोती, पेट्या, पिंपं माणसंच चढवत-उतरवत. कंटेनर आले आणि गोदी कामगारांना कळून चुकलं, की टोळीचं काम आता दोघं-चौघं करणार.

त्यांचे पुढारी हॅरी ब्रिजेस. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले. (सरकारने त्यांना हद्दपार करायचा खटाटोप वर्षानुवर्षं केला, जमलं नाही.) त्यांनी यंत्र अडवलं नाही, त्याची किंमत मागितली. १९६० च्या करारात मालकांनी साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलर निधीत भरायचं कबूल केलं. यंत्रामुळे नोंदणीकृत कामगाराला काढायचं नाही, काम घटलं तरी किमान पगार द्यायचा, पंचवीस वर्षं काढलेल्याला निवृत्त होताना ७,९२० डॉलर. बदल्यात मालकांना यंत्रं आणायची मोकळीक.

मला हा करार आवडतो, पण डोळे झाकून नाही. हे सगळं 'अ' गटाला, म्हणजे संघटनेच्या सभासदांना मिळालं. 'ब' गटातले तेच ओझं वाहत होते, पण संघटनेचे सभासद नव्हते; त्यांना निधीतला छदामही नाही. आणि ज्यांना पुढे गोदीत काम लागलंच नाही, ते तर कुणाच्या हिशेबातच नव्हते.

गिरणगावात तर सगळं बुडाल्यावर मागायची वेळ आली. गिरण्या निव्वळ यंत्रांमुळे बंद पडल्या नाहीत, हे खरं. पण जमिनीला सोन्याचा भाव आला आणि कामगार घराच्या सोडतीची वाट पाहत राहिले.

आता आपल्या धंद्याकडे या. टेस्टिंग, सपोर्ट, साधं कोडिंग एआय करू लागलं आहे. कायम नोकरीवाल्याला जाताना बहुतेक वेळा काही महिन्यांचा पगार तरी मिळतो, कंत्राटी माणसाला सहसा नाही. एच-वन-बी व्हिसावाल्याच्या हातात नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस. पुण्यात रात्रपाळी करणारी मुलगी तर इथल्या कुठल्याच यादीत नाही. आपला 'ब' गट हाच.

अडचण अशी, की या हॉलमधल्या बऱ्याच जणांकडे कंपनीचे शेअर आहेत. माणसं कमी करून भाव चढला, तर फायदा आपलाही. तेव्हा 'ब' गटाला वाटा द्यायचा झाला, तर त्यातला थोडा आपल्याच खिशातून जाईल. माझी तयारी आहे. तुमची आहे का, ते जेवणाआधी बोलूया.