पाणी कोमटच का हवं?

सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर, डिसेंबरची सकाळ. ओट्यावर कपभर पाणी आणि ड्राय यीस्टची पुडी. आई म्हणते, पाणी कोमट घे गं, करंगळी बुडवून बघ. गेल्या रविवारी मी सरळ नळाचं गारेगार पाणी घेतलं होतं आणि पाव असा बसला की त्यापेक्षा भाकरी परवडली. मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, यीस्ट जुनं दिलं म्हणून. चूक माझी होती.

आता यीस्टचा हा बारीक दाणा जवळून बघा. यात असंख्य पेशी एकमेकींना चिकटून बसल्यात, एकेक जेमतेम ५ ते १० मायक्रॉनची. बाहेरून कडक पेशीभित्ती आणि तिच्या आत लगेच मेंब्रेन, म्हणजे शाळेतलं ते पेशीपटल, जाडी साधारण ७ नॅनोमीटर. फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचे दोन थर, रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, आणि मधेमधे प्रोटीनं रुतलेली. त्यातलं एक, पीएमए-१, सतत प्रोटॉन बाहेर फेकत असतं आणि ते प्रोटॉन परत आत घुसताना पिठातली माल्टोज साखर सोबत घेऊन येतात, म्हणजे पाव फुगायची अर्धी तयारी या पडद्यातच चालते.

पण पेशी वाळवली की गंमत होते. पाणी गेलं की डोकी जवळजवळ सरकतात आणि पडदा थिजतो, थंडीत डब्यातलं तूप थिजतं ना, तसाच. ट्रेहॅलोज नावाची साखर पाण्याची जागा धरून ठेवते म्हणून पेशी तगते. यावर गार पाणी ओतलं तर पडदा सैल व्हायच्या आधीच पाणी आत शिरतं, मग फटी पडतात आणि आतला माल बाहेर गळतो, त्यात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लुटेनला, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रोटीनला, ढिलं करतं, म्हणून माझी कणीक चिकट झाली होती. ३५ ते ४० अंशांना पडदा आधी मऊ होतो, गळती कमी. उकळत्या पाण्यात मात्र पेशी मरतातच. (इन्स्टंट यीस्ट थेट पिठात घालतात, त्याची गोष्ट वेगळी.)

आपल्या पेशींत या पडद्याच्या सैलपणाला आवर घालतं कोलेस्टेरॉल, यीस्टमध्ये तेच काम एर्गोस्टेरॉल करतं. नायट्यावर लावायची क्लोट्रिमॅझोलची क्रीम, पावसाळ्यात मेडिकलमधून आणतो ती, बुरशीचं हेच एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि आपल्याकडे ते नसतंच म्हणून आपली कातडी शाबूत राहते.

दहा मिनिटं झाली. कपावर पिवळसर फेस चढलाय, आंबूस वास सुटलाय. आई डोकावून बघते.

"हं, आता ओत पिठात."