पावासाठी दोन शब्द: सेंट पीटर्सबर्गमधील एक दिवस

नेव्हा नदीच्या काठी उभे असलेले हर्मिटेज संग्रहालय आणि सोनेरी कळसांची चर्चे आपण आजवर अनेक चित्रफितींत पाहिली असतील, म्हणून या शहराची ओळख आपण आज तिथून करून घेणार नाही. मे महिन्यातली ही थंड सकाळ आहे आणि बल्शाया कन्यूशेन्नाया रस्त्यावरच्या २५ क्रमांकाच्या दुकानासमोर आपण रांगेत उभे आहोत. १९५८ साली सुरू झालेल्या या दुकानात मुख्यत्वे एकच पदार्थ मिळतो. गव्हाच्या सैलसर पिठाची कडी तेलात तळून तिच्यावर पिठीसाखर भुरभुरवतात, आणि सोबत आटवलेल्या दुधाची गोड कॉफी देतात.

आपल्या मार्गदर्शक बाई शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे पहिला घास घेण्याआधीच त्यांनी आमची भाषा सुधारली. मॉस्कोत या पदार्थाला ‘पोंचिक’ म्हणतात, इथे मात्र ‘पिश्का’च म्हणायचे. इमारतीच्या प्रवेशद्वाराला आणि पदपथाच्या कडेलाही दोन्ही शहरांत वेगवेगळे शब्द आहेत, आणि या फरकावर पीटर्सबर्गचे लोक तासन्‌तास बोलू शकतात. पावाच्या बाबतीत ते अधिकच काटेकोर असतात. पांढरा, गव्हाचा पाव म्हणजे ‘बुल्का’. आणि नुसते ‘ख्लेब’ म्हटले की राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव. (ही राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे.)

इथून पुढे आपण कुझ्नेच्नी बाजारात आलो आहोत. याच गल्लीतल्या एका घरात दस्तयेव्हस्की यांचे १८८१ साली निधन झाले आणि तिथे आता त्यांचे संग्रहालय आहे. बाजारात मधाचे नमुने चाखायला देतात, आंबवलेली कोबी आणि काकड्या पिंपांतून काढून देतात, आणि ‘त्वोरोग’ म्हणजे दुधापासून केलेला आंबटसर, दाणेदार चक्का वजनावर मिळतो. पण या दिवसांत बाईंची पावले थेट मासळीकडे वळतात. कोर्युश्का ही बोटभर लांबीची चंदेरी मासळी वसंतात अंडी घालण्यासाठी नेव्हा नदीत येते, आणि ताजी असताना तिला चक्क काकडीचा वास येतो. आम्हाला ही गोष्ट अतिशयोक्ती वाटली होती. पण पाटीजवळ वाकून वास घेतल्यावर आमचा आक्षेप संपला.

दुपारी आपण नेव्हस्की रस्त्यावरच्या १४ क्रमांकाच्या इमारतीपाशी थांबतो. तिच्या भिंतीवर निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांनी लिहिले आहे की, नागरिकहो, तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोकादायक आहे. जर्मन तोफा शहराच्या दक्षिणेला होत्या आणि गोळे रस्त्याच्या उत्तरेकडील बाजूवर आदळत, म्हणून ही सूचना होती. त्या वेळी या शहराचे नाव लेनिनग्राड होते आणि त्याला ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत वेढा पडलेला होता. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात, कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, तर कर्मचारी, आश्रित आणि मुले यांना १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्या पावात पेंड आणि लाकडाचा लगदाही मिसळलेला असे. बाईंच्या आईचे बालपण याच शिधापत्रिकेवर गेले. पिस्कार्योव्हस्कोये दफनभूमीत त्या काळातले जवळपास ५ लाख लोक सामूहिक कबरींमध्ये विसावले आहेत आणि भेटीला येणारी माणसे तिथे फुलांबरोबर पावाचा तुकडाही ठेवून जातात.

सेंट आयझॅक चौकातली ही इमारत वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. जगभरातून गोळा केलेले बियाणे इथे साठवलेले होते, त्यात गहू, तांदूळ, डाळी असे सगळे होते. वेढ्यात या संस्थेतले अनेक शास्त्रज्ञ भुकेने मरण पावले. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह हे त्यांपैकी एक. त्यांनी सांभाळलेले धान्य कोणी शिजवले नाही. स्वतः वाव्हिलोव्ह तेव्हा स्तालिनच्या तुरुंगात होते आणि १९४३ मध्ये सारातोव्ह येथे तिथेच त्यांचा मृत्यू झाला. हा भाग सांगताना बाईंनी चौकाकडे पाठ फिरवली होती, म्हणून आम्ही त्या वेळी चित्रण थांबवले.

संध्याकाळी बाईंच्या वासिल्येव्हस्की बेटावरील घरी कोर्युश्का पिठात घोळवून तेलात तळली गेली. ती काट्यांसकट, हातानेच खायची असते. चहा आला तो निळ्या जाळीच्या नक्षीच्या कपांतून. ही नक्षी आन्ना यात्स्केविच यांनी युद्धाच्या अखेरच्या काळात इथल्याच चिनी मातीच्या कारखान्यात रेखाटली. बॉम्बहल्ल्यात काचा फुटून उडू नयेत म्हणून खिडक्यांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवरून ती सुचली, असे शहरात मानले जाते.

रात्री जहाजांना वाट देण्यासाठी नेव्हावरचे पूल उघडतात आणि मग बेटावरून पलीकडे जाता येत नाही, म्हणून बाईंनी आम्हाला घड्याळ दाखवून उठवले. निघताना आमच्या हातात त्यांनी काळ्या पावाचा उरलेला तुकडा कागदात बांधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलजवळच्या दुकानात आम्ही ‘बुल्का’ मागितला, आणि विक्रेत्या बाईंनी काहीही न विचारता पांढरा पाव पुढे केला.