सरवा वेचणाऱ्या तिघी

या चित्रात आधी हात बघा. डावीकडच्या बाईचा एक हात मातीपर्यंत पोचलाय, दुसरा पाठीमागे. त्या मागच्या हातात आतापर्यंत वेचलेल्या ओंब्या. शेजारची तेवढीच वाकलेली. तिसरी अर्धवट उठलीय, हातातली जुडी सारखी करतेय. शोधायचं, उचलायचं, कंबर सरळ करायची, परत वाकायचं. एकीचंच दिवसभराचं काम तिघींत वाटून दाखवलंय.

हे चित्र ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं, १८५७ सालचं. तिथे गव्हाची कापणी झाली की रानात पडलेला सरवा वेचायची मुभा गरिबांना असायची. तीही सगळं पीक उचलून झाल्यावर, आणि फक्त दिवसाउजेडी.

मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी स्वतः शेतात राबलेला. १८४९ मध्ये तो बार्बिझों या गावी राहायला आला. सरवा वेचणाऱ्या बायांचा विषय त्याने दहाएक वर्षं सोडला नाही. रेखाटनं केली. मग एक उभं चित्र रंगवलं. धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापेही काढले. आणि मग हा आडवा कॅनव्हास, जेमतेम ११० सेंटीमीटर रुंद.

आता जरा मागे नजर टाका. उन्हात गंज्या, भरलेली गाडी, मजुरांची लगबग. उजव्या कडेला घोड्यावर एक माणूस दिसतोय? तो मुकादम. नखाएवढा. ज्याच्या हुकमावर शेत चालतं तो एवढासा, आणि ज्यांच्या मालकीचं इथे ढेकूळही नाही त्या तिघी सगळ्यात मोठ्या. मिलेचं खरं धाडस आम्हाला इथे दिसतं.

चेहरे त्याने जवळजवळ झाकूनच टाकलेत. एकीचीही नजर आपल्याकडे नाही. कीव करायला तो जागाच ठेवत नाही. उतरतं ऊन पडलंय ते मानेवर, खांद्यांवर, पाठीवर. रुमाल तेवढे निळे, लाल, पिवळट. फडक्यांचे ओचे बघा, कसे जड होऊन लोंबतायत.

पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, चित्र लागलं तेव्हा फ्रान्समधल्या १८४८ च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती. गरिबांच्या उठावाची धास्ती होतीच. एका टीकाकाराला तर या बायांच्या मागे १७९३ चे, पहिल्या फ्रेंच राज्यक्रांतीतले, वधस्तंभ दिसले. चित्र ३,००० फ्रँकला गेलं. मिले १८७५ मध्ये वारला. १८९० मध्ये ते लूव्र संग्रहालयाकडे आलं, आणि आता पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.