फडावरची हुशारी

नमस्कार, श्रोतेहो.

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात गावं निम्मी होतात. ऊसतोडीला जायचं म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, त्यात भांडी, शेळी, म्हातारी, लेकरं असं सगळं चढतं आणि गाव रिकामं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली. दसऱ्यानंतरच्या हजेरीला आवाज घुमतो, हे मला कुणी शिकवायला नको.

आज मात्र बोलायचंय ते एका परदेशी प्राध्यापकाबद्दल. फ्रँक वॉरेल. नाव ऐकून जुन्या क्रिकेटवाल्यांचे कान टवकारले असतील. नाही, ते वेगळे. ते बार्बाडोसचे, वेस्ट इंडिजचे कप्तान. आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर याला १९६२ साली डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त देणारे. आपले वॉरेल त्रिनिदादचे. आधी तिथे शिक्षक, मुख्याध्यापक. मग अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डॉक्टरेट, पुढे तिथंच प्राध्यापक. २०२२ साली ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्यांचा पेशा शालेय मानसशास्त्रज्ञाचा. म्हणजे लेकरू का शिकत नाही, का रुसतं, कशात रमतं हे शाळेत बसून बघणारा माणूस. आपल्या खेड्यातल्या शाळेत ही सगळी कामं मास्तरच करतो, खिचडीचं रजिस्टर भरून झाल्यावर.

त्यांनी दोन सहकारी संशोधिकांबरोबर २०११ साली एक मोठा लेख लिहिला. म्हणणं असं की हुशारी ही जन्माला येताना कपाळावर लिहून आलेली वस्तू नाही. लहानपणी ती नुसती शक्यता असते. पुढे ती कामातून दिसावी लागते. आणि ती कशात तरी असते. गणितात, गळ्यात, तालमीत. नुसतं ‘पोरगं हुशार आहे’ याला काही अर्थ नाही. कशात, ते सांगा. प्रत्येक विद्येचं वयही निराळं. जिम्नॅस्टिक्सला लहानपणीच सुरुवात लागते, गळा मात्र वयात आल्यावरच पक्का होतो. शिवाय संधी समोर यावी लागते आणि ती घेण्याची हिंमतही लागते. ही हिंमत शिकवता येते, असं ते म्हणतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण आम्ही मास्तर लोक पाढे शिकवतो आणि हिंमत घरून आणायला सांगतो.

हुशार मुलांसाठी वेगळं काही करावं हा विचार आपल्याकडेही जुना आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर प्रबोधिनीची माणसं धाराशिव जिल्ह्यात हराळीला आली आणि तिथं निवासी शाळा उभी राहिली. नवोदय विद्यालयं आहेत, आमच्या गेवराई तालुक्यात गढीलाही आहे. पण या सगळ्या वाटा एका चाचणीच्या दारातून जातात आणि त्या दारात त्या दिवशी लेकरू हजर असावं लागतं.

आता वॉरेल यांच्या कामाची दुसरी बाजू. लेकरू स्वतःला कोण समजतं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्वतःविषयीची ओळख मोजणारी एक प्रश्नावली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली. एका ठिकाणच्या मुलांसाठी बनवलेलं माप दुसऱ्या ठिकाणी तसंच लागू पडतं का, हे तपासल्याशिवाय वापरू नका, असा त्यांचा आग्रह. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे एकदा चाचणीत सरकत्या जिन्याचं चित्र आलं होतं. अर्ध्या वर्गानं त्याला उसाची मोळी चढवायचा पट्टा म्हटलं. गुण शून्य. आता सांगा, चूक कुणाची?

एक मुलगी सांगतो. नाव सांगत नाही. वीसेक वर्षं झाली. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, ही त्यांच्याबरोबर. आठवड्यात किती टन तोडला, टनाला भाव काय, उचल किती फिटली, वर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून किती आले, सगळं तोंडी सांगायची. बाप मुकादमाकडं हिशोबाला जाताना हिला शेजारी उभी करायचा. शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा चौथीला असायची. परीक्षेच्या दिवशी ही पश्चिमेकडच्या कुठल्याशा उसाच्या फडावर, कोपीत, म्हणजे खोपटात, धाकट्या भावाला सांभाळत. वर्गात पहिला येणारा मुलगा बसला, पास झाला, आम्ही फळ्यावर त्याचं नाव लिहिलं.

गुढीपाडव्यानंतर ती आली. वर्गात न येता दारात उभी. म्हणाली, “सर, माझं नाव हाय का हजेरीत?” नाव होतं. त्यापुढं लाल शाईनं ‘अनियमित’ लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. मी तिला बस म्हणालो. ती मागे, भिंतीला टेकून बसली. मग मी एकदा गणित घातलं तेव्हा तिला उत्तर येत असूनही तिनं हात वर केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “ते शाळंतल्या पोरायला इचारा.” स्वतःला ती शाळेतली समजतच नव्हती. मी तिला आळशी समजत होतो, हेही कबूल करतो. आता कळतं की हिशोब तिच्यापाशी होता, पण तो करणारी पोरगी शाळेची आहे असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी मी तिला एक कोरी वही दिली आणि म्हणालो, तिकडचा हिशोब हिच्यात लिही, मला शिकायचाय. विशेष काही केलं असं नाही. वही सात रुपयांची होती. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहात तिला ठेवावं म्हणून बापाला गाठलं, पण भावाला कोण बघणार, हा त्याचा प्रश्न खरा होता, आणि माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं.

पाडव्याला वही परत आली. पाचटाचा वास, कोपऱ्याला तेलाचा डाग. आत टन, पेंढ्या, उचल, एका पानावर बैलाचं चित्रसुद्धा. आणि मुखपृष्ठावर, मी न सांगता, मोठ्या अक्षरात तिचं नाव, त्याखाली इयत्ता पाचवी, त्याखाली आमच्या शाळेचं नाव.

नमस्कार.