हॅरोच्या टेकडीवरची शाळा

लंडनच्या वायव्येला हॅरोची टेकडी आहे. टेकडीवरच्या हॅरो शाळेच्या इमारतीतला हा वर्ग 1615 सालचा. लाकडी भिंतींकडे नीट पाहा. बोट टेकवायला जागा नाही, इतकी नावं कोरलीत पोरांनी. आपल्याकडे गडावर कोणी नाव कोरलं तर आपण त्याला शिव्या घालतो. इथं ती जपून ठेवलीत, कारण त्यात कवी बायरन आहे, पुढं ब्रिटनचे पंतप्रधान झालेले पील आणि पामरस्टन आहेत. आणि चर्चिलही.

शाळा काढली जॉन लायन नावाच्या एका सधन शेतकऱ्यानं. 1572 मध्ये त्यानं पहिल्या एलिझाबेथ राणीकडून सनद मिळवली. गावातल्या पोरांना फुकट शिकवायचं, हा बेत. पालकांनी मुलाला धनुष्यबाण घेऊन द्यावेत, असाही नियम त्यानं घातला होता! पण बाहेरगावच्या मुलांकडून फी घ्यायची मुभाही त्यानंच ठेवली, आणि मेख तिथंच होती. फी भरणाऱ्या उमरावांची मुलं वाढत गेली, गावातली पोरं मागं पडली. शेवटी 1876 मध्ये स्थानिकांसाठी वेगळी शाळा काढावी लागली. तिलाही नाव लायनचंच दिलं.

मूळ शाळेनं ब्रिटनला सात पंतप्रधान दिले. कवी बायरन तर पाय अधू असूनही 1805 मध्ये ईटन या दुसऱ्या बड्या शाळेविरुद्धच्या क्रिकेट सामन्यात उतरला. हॅरो हरली, ते सोडा.

चर्चिल 1888 मध्ये आले. लॅटिनच्या प्रवेश परीक्षेत कागदावर आपलं नाव, एक आकडा आणि शाईचा डाग याखेरीज काही उमटलं नाही, असं पुढं त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी प्रवेश मिळाला. बाप मोठा राजकारणी होता, हे विसरू नका.

1905 मध्ये अलाहाबादहून पंधरा वर्षांचा मुलगा इथं दाखल झाला: जवाहरलाल नेहरू. पुढच्याच वर्षी वर्गात मास्तरांनी ब्रिटनच्या नव्या सरकारबद्दल विचारलं. मंत्रिमंडळातली जवळजवळ सगळी नावं सांगणारा वर्गात हा एकटाच निघाला. त्या सरकारात चर्चिल होते, पण मंत्रिमंडळाबाहेर, वसाहत खात्याचे उपमंत्री म्हणून.

ऑगस्ट 1942. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि नेहरूंना मुंबईत पकडून थेट अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. सोबत सरदार पटेल होते, मौलाना आझाद होते. लंडनमध्ये पंतप्रधान होते चर्चिल. युद्धाच्या धामधुमीतही ते शाळेची गाणी ऐकायला हॅरोला जात. नगरला नेहरूंनी वाफे खणून फुलझाडं लावली, आणि 1944 मध्ये पाच महिन्यांत भारताच्या इतिहासावरचा आपला जाडजूड ग्रंथ लिहून काढला.

15 जून 1945 ला नेहरू सुटले. सहा आठवड्यांत निवडणुकीचा निकाल लागला आणि चर्चिल यांचं पंतप्रधानपद गेलं.