परदेशातून येणाऱ्या तबकडीचं बिल

(पुण्यात संग्राहकांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, किंचित संपादन करून)

मंडळी, नमस्कार. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, नाणी, टपाल तिकिटं, पोस्टकार्डं, काडेपेटीची लेबलं, डाय-कास्ट गाड्या जमवणारी माणसं आज इथे जमली आहेत, आणि सकाळपासून चहाच्या टेबलापाशी वस्तूंपेक्षा कुरियरच्या बिलांचीच चर्चा जास्त ऐकू येते आहे. चार हजारांची वस्तू मागवली आणि दारात आलेल्या माणसाने आणखी पाच हजार मागितले, असा अनुभव इथल्या अनेकांना आहे. म्हणून आज मी त्या बिलावरच बोलणार आहे. ते आपल्या हातात दारात पडतं, पण त्यातला बराचसा भाग विक्रेता बीजक, म्हणजे इन्व्हॉइस, लिहायला बसतो तेव्हाच ठरून गेलेला असतो. तिथे आपण लक्ष घालत नाही, आणि नंतर भांडायला उभे राहतो.

आधी एक सांगतो. परदेशातून वस्तू मागवणं म्हणजे श्रीमंती शौक, असं घरची मंडळीसुद्धा म्हणतात. ते मला मान्य नाही. भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात सुरू झालं, पण कलकत्त्यातलाच सियालदाचा कारखाना 1908 मध्ये उभा राहीपर्यंत इथल्या गायक-गायिकांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात आणि जहाजाने इकडे येत. आपल्या बाजारासाठी काडेपेट्यांची लेबलं स्वीडन, ऑस्ट्रिया, जपानमध्ये छापली गेली. मुंबईची चित्र-पोस्टकार्डं साहेब लोकांनी घरी पाठवली, ती आज इंग्लंडमधल्या डीलरांच्या खोक्यांत सापडतात. हा आपलाच वारसा आहे, फक्त पत्ता परदेशातला आहे. तो परत आणणारा माणूस बहुतेक वेळा पगारातून पैसे बाजूला काढणारा असतो. त्याला हे बिल आधी कळायला हवं, अशी माझी तळमळ आहे.

आता बिल उघडू. समजा, तुम्ही इंग्लंडहून तीन तबकड्या मागवल्या. 78 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, दहा इंची तबकडी लाखेची असते, जरा धक्का लागला की तडकते. म्हणून चांगला विक्रेता ती पुठ्ठ्यात, मग फोममध्ये, मग मोठ्या खोक्यात घालतो. खोकं झालं 40 बाय 40 बाय 15 सेंटिमीटर. वजन भरतं जेमतेम दोन किलो. पण कुरियर कंपन्या आकारमानाचं वजनही धरतात: लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करायचा आणि 5,000 ने भागायचं. इथे उत्तर येतं 4.8 किलो, आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे लागतात. म्हणजे दोन किलोच्या पार्सलला जवळपास पाच किलोचं भाडं. विक्रेत्याला खोक्याची मापं आधीच विचारा. फोम कमी करा असं मी म्हणणार नाही, पण खोक्याची उंची पाच सेंटिमीटरने कमी झाली की आकडा 3.2 वर येतो.

याचा परिणाम करावरही होतो. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, तर वस्तू, विमा आणि वाहतूक मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. मात्र 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत, नियम 10 मध्ये, एक तरतूद आहे आणि ती प्रत्येक संग्राहकाने पाठ करावी: माल विमानाने आला असेल, तर करासाठी धरायचं भाडं वस्तूच्या मूळ किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. विम्याची रक्कम माहीत नसेल तर 1.125 टक्के धरतात. आता तबकड्यांची किंमत 4,000 रुपये आणि कुरियरचं भाडं 4,500 रुपये आहे, असं धरू. भाडं धरलं जाईल ते 800, विमा 45, म्हणजे कर लागेल 4,845 रुपयांवर. कुणी पूर्ण भाडं जोडलं, तर तोच आकडा 8,545 होतो. फरक 3,700 रुपयांचा. हलक्या किमतीच्या पण जपून पाठवाव्या लागणाऱ्या वस्तूंत भाडं मूळ किमतीपेक्षा जास्त होणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे ही तरतूद आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे. आणि हो, पौंडाचा दर तुमच्या बँकेचा धरत नाहीत, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला धरतात. तेव्हा तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटशी आकडा जुळला नाही तर लगेच संशय घेऊ नका.

पुढचा प्रश्न दराचा, आणि सगळी गंमत इथेच आहे. टपालाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी जे काही येतं, त्यासाठी शुल्कतक्त्यात 9804 हे एकच शीर्षक, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, आहे. बाहुली असो, तबकडी असो, नाहीतर पेन. जुन्या संग्राहकांना 77.28 टक्के हा आकडा झोपेत विचारला तरी आठवेल. तो असा बनायचा: मूळ शुल्क 35, त्यावर दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार म्हणजे 3.5, मिळून 38.5. मग 138.5 वर 28 टक्के जीएसटी, म्हणजे 38.78. बेरीज 77.28. करावर कर लागतो तो असा. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा इथला 28 चा 18 झाला, आणि मधल्या काळात 35 वरून 20 झालेलं मूळ शुल्क 10 टक्क्यांवर आणण्याची घोषणा 2026 च्या अर्थसंकल्पात झाली. पाच वर्षांपूर्वी ज्याने हात पोळल्यावर परदेशी खरेदी सोडली, त्याने हे गणित पुन्हा एकदा मांडून बघावं.

पण याच तक्त्यात प्रकरण 97 सुद्धा आहे. त्यात 9704 खाली टपाल तिकिटं येतात, 9705 खाली नाणेशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्रहवस्तू, आणि 9706 खाली शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू. तिथला जीएसटी आधी 12 टक्के होता, आता 5 आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाहीच, 2019 पासून 5 टक्के मूळ शुल्क आहे. म्हणजे 1906 ची हॅनोव्हरची तबकडी ही ‘वापरलेली ग्रामोफोन रेकॉर्ड’ म्हणून आली तर एक दर, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून आली तर दुसरा. मात्र 9804 ज्यात येतं त्या प्रकरण 98 ची पहिलीच टीप सांगते, की वस्तू दुसरीकडे नेमकी बसत असली तरी या प्रकरणाच्या अटी पूर्ण होत असतील तर हेच प्रकरण लागू होतं. त्यामुळे 97 खालची मागणी मान्य होईलच, अशी खात्री मी देणार नाही. पण मागणीच केली नाही तर विचारही होत नाही. कुरियरच्या कचेरीत दिवसाला सीमाशुल्काचे शेकडो कागद भरणाऱ्या मुलाकडून तबकडीच्या लेबलवरून तिचं वय ओळखण्याची अपेक्षा कशी करणार? ते बीजकात लिहिलेलं पाहिजे. विक्रेत्याला सांगा: वस्तूचं पूर्ण नाव, निर्मितीचं वर्ष, तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, लेबलचा फोटो आणि ‘संग्रहासाठी’ हे शब्द. नाण्यांसाठी टांकसाळ आणि साल. नुसतं ‘जुनी वस्तू’ किंवा ‘छंदाचं सामान’ लिहिलेलं बीजक म्हणजे 9804 ला आमंत्रणच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्यापेक्षा गिफ्ट लिहायला सांगू.’ नका सांगू. डिसेंबर 2019 पासून टपाल किंवा कुरियरने भेट म्हणून करमाफ वस्तू आणायला बंदी आहे. त्यातून सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीला आहे, राखीबरोबरच्या भेटवस्तूला नाही, इतकं नेमकं त्यात लिहिलं आहे. किंमत कमी दाखवणं त्याहून वाईट. सीमाशुल्क कायद्यात जप्ती आणि दंड दोन्ही आहेत, शिवाय वाटेत तबकडी फुटली तर भरपाई कागदावरच्या किमतीएवढीच मिळते. आठशे रुपये वाचवायला जाऊन आठ हजारांचा दावा घालवायचा, यात काय शहाणपण आहे?

कराच्या खाली बिलात आणखी दोन-तीन ओळी असतात. सरकारला शुल्क आधी कुरियर भरतो, म्हणून तो ‘आगाऊ भरणा’ किंवा ‘डिस्बर्समेंट’ अशा नावाने आकार लावतो. हा बहुधा शुल्काच्या ठराविक टक्के किंवा एक किमान रक्कम, यांत जे जास्त ते असतो. त्यावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. शुल्क तीनशे रुपये आणि कुरियरचा आकार हजाराच्या घरात, अशी बिलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. हा कर नाही, ही कंपनीची फी आहे. ती सरकारच्या नावावर खपवली जाते याचा मला मनापासून राग येतो. म्हणून स्वस्त आणि न तुटणाऱ्या वस्तू, तिकिटं, पोस्टकार्डं, लेबलं, नोंदणीकृत टपालानेच मागवावीत असं माझं मत आहे. वेळ लागतो, पण मुंबईच्या विदेश डाक कार्यालयातून आलेल्या पाकिटावरचं शुल्क पोस्टमन दारात घेतो, आणि कंपन्यांची ती आगाऊ भरण्याची फी तिथे नसते. तबकड्यांना मात्र मी टपालाचा आग्रह धरणार नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचं दुखणं थोडं वेगळं आहे, थोडक्यात सांगतो. तिथे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नव्हतं. चीन आणि हाँगकाँगसाठी ती सवलत 2 मे 2025 ला गेली आणि बाकी जगासाठी 29 ऑगस्टला. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं होतं, ती ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झाली. तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्याला मळवलीच्या रविवर्मा प्रेसचं चित्र पाठवणार असाल, तर तिकडे काय भरावं लागेल हे आधी त्याच्याशी बोलून घ्या.

आणि तसं चित्र पाठवण्याआधी 1972 चा पुराणवस्तू कायदा आठवा. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. लंडनच्या लिलावातून आणलेलं शिवराई नाणं खोटं निघालं किंवा पसंत पडलं नाही, तर ‘परत पाठवा, पैसे देतो’ हे विक्रेत्याचं आश्वासन त्यामुळेच फारसं कामाचं नाही. ती पुराणवस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो, आणि नाणं खरं असेल तर तो मिळणार कसा? जी काही शंका असेल ती बोली लावण्याआधी फिटली पाहिजे.

शेवटी, बिल हातात पडल्यावर काय करायचं? पैसे भरा, वस्तू सोडवा, पण त्याच दिवशी कुरियरकडे ‘कुरियर बिल ऑफ एंट्री’ची प्रत मागा. त्यात शीर्षक, धरलेलं भाडं, विनिमय दर, सगळं असतं. तो तुमच्या नावाने भरलेला कागद आहे, मागायला संकोच कसला? आकारणी चुकली असेल तर आदेशापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. पाच-सहाशे रुपयांसाठी कुणी जाणार नाही हे मलाही कळतं. पण दोन-चार जणांनी नियम 10 दाखवून लेखी विचारलं की पुढच्या पार्सलांचे कागद नीट भरले जातात. आणि कुरियर कंपन्यांकडे आपण सर्वांनी मिळून एक मागणी करावी असं मी सुचवतो: शुल्काची रक्कम आणि स्वतःची फी वेगवेगळी, माल विमानात चढण्याआधी, ग्राहकाला मोबाइलवर कळवा. पत्राचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना वाचून सही करा.